फुलावरील भेटीचे मोजमाप : एका संख्येचा इतिहास

१

एखाद्या फुलावर कीटक किती वेळा येतात, हा प्रश्न वरकरणी अगदी साधा आहे. हातात घड्याळ घ्यावे, ताटव्यासमोर बसावे, येणारी प्रत्येक माशी मोजावी आणि आलेल्या संख्येला वेळेने भागावे. यात विद्या ती कोणती, असे कोणासही वाटेल. परंतु शास्त्राच्या इतिहासात साध्या दिसणाऱ्या मोजमापांचीच वाट बहुधा लांब व आडवळणाची असते. तापमान, दाब, लोकसंख्या ह्यांच्या बाबतीत जे घडले तेच ह्या लहानशा संख्येच्या बाबतीतही घडले आहे. ती स्थिरावण्यास सुमारे अडीचशे वर्षे लागली, आणि अद्यापही ती पूर्णपणे स्थिरावली आहे असे म्हणता येत नाही.

प्रस्तुत निबंधात ह्या मोजमापाचा इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे. तो मांडताना तीन प्रश्न सतत डोळ्यांपुढे ठेवले आहेत. पहिला, भेट कशास म्हणावयाचे? दुसरा, मोजलेल्या भेटींना भागावयाचे कशाने? आणि तिसरा, त्या भेटीतून फुलाच्या पदरात काय पडले? पहिल्या प्रश्नातून अंश मिळतो, दुसऱ्यातून छेद, आणि तिसऱ्यातून त्या अपूर्णांकाचा अर्थ. हे तीन प्रश्न इतिहासात ह्याच क्रमाने सुटत गेले असतील अशी आपली सहज अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र अर्थाचा प्रश्न सर्वांत आधी विचारला गेला, मग तो बराच काळ मागे पडला, आणि शेवटी सर्वांना पुन्हा त्याच्याकडेच वळावे लागले.

फुलाकडे जाणाऱ्या माशीचे निरीक्षण अर्थातच फार जुने आहे. मधमाशी एका फेरीत एका जातीच्या फुलावरून दुसऱ्या जातीच्या फुलावर जात नाही, असे ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडे 'माधुकरी' हा शब्दच ह्या निरीक्षणातून जन्मास आला. एका घरावर भार न घालता अनेक घरांतून थोडे थोडे घ्यावे, ही रीत मधुकराच्या वागणुकीवरून बेतली होती, आणि पुण्यातील गरीब विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर शिकल्या. भेटी पुष्कळ आणि प्रत्येक भेटीतील प्राप्ती अल्प, हे तत्त्व त्या एका शब्दात आलेले आहे. मात्र निरीक्षण वेगळे आणि मोजमाप वेगळे. किती घरे, किती वेळात, आणि प्रत्येक घरी किती, हे विचारल्यावाचून शास्त्राचा आरंभ होत नाही.

२

फुलावरील कीटकांचे कार्य संख्येने तपासण्याचा पहिला मोठा प्रयत्न योझेफ गॉटलीब क्योलरॉयटर (१७३३–१८०६) ह्या जर्मन शास्त्रज्ञाने केला. वनस्पतींच्या संकरावरील त्याचे प्रयोग १७६१ पासून प्रसिद्ध होऊ लागले. वनस्पतींतील लिंगभेद तोपर्यंत बराचसा मान्य झालेला होता. परंतु पराग कुक्षीपर्यंत पोहोचतो कसा, ह्याविषयी स्पष्ट कल्पना नव्हती. पुष्कळ फुलांत हे काम कीटक करतात, असे क्योलरॉयटरला आढळून आले. हे काम ते कितपत चांगले करतात, हा त्याचा पुढचा प्रश्न होता.

त्यासाठी त्याने आपल्या जास्वंद व अंबाडी ज्या प्रजातीत येतात त्या हिबिस्कस प्रजातीची एक वनस्पती निवडली. तिच्या ३१० फुलांवर त्याने कुंचल्याने स्वतः पराग घातला आणि तितकीच फुले कीटकांवर सोपविली. पुढे बिया मोजल्या. हाताने परागण केलेल्या फुलांतून ११,२३७ बिया मिळाल्या आणि कीटकांनी परागण केलेल्या फुलांतून १०,८८६. दर फुलामागे हिशेब केला तर हे आकडे अनुक्रमे सुमारे ३६ व ३५ असे पडतात. म्हणजे एका काळजीपूर्वक काम करणाऱ्या शास्त्रज्ञापेक्षा कीटक शेकडा तीन इतकेच मागे राहिले.

क्योलरॉयटरची दुसरी गणना आजच्या संशोधकालाही विचार करावयास लावते. ह्याच प्रजातीच्या एका फुलात त्याने ४,८६३ परागकण मोजले, आणि तीसपेक्षा अधिक बिया धरण्यास केवळ पन्नास ते साठ कण पुरेसे होतात असे त्याला दिसून आले. म्हणजे फुलात तयार होणाऱ्या परागापैकी शंभरात एखादाच कण कुक्षीवर पोहोचला तरी काम भागते. ह्यातून एक सूक्ष्म गोष्ट निष्पन्न होते. फुलाची गरज जर इतकी मर्यादित असेल, तर त्याला अमर्याद भेटींचा उपयोग नाही. काही भेटींनंतर पुढील भेटी बीजधारणेच्या दृष्टीने निरर्थक ठरतात. क्योलरॉयटरने भेटी मोजल्या नाहीत. त्याने भेटींचे फळ मोजले. फुले कीटकांवर सोपविल्यानंतर तेथे कोण आले, किती वेळा आले, हे त्याच्या आकड्यांत नाही. अर्थाचा प्रश्न पहिल्याच पायरीवर विचारला गेला असे वर म्हटले ते ह्याच कारणाने.

३

क्योलरॉयटरनंतर तीस-बत्तीस वर्षांनी क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल (१७५०–१८१६) ह्याचा ग्रंथ बर्लिन येथे १७९३ साली प्रसिद्ध झाला. श्प्रेंगेल हा श्पांडाऊ येथील शाळेचा प्रमुख होता. १७८७ साली एका रानटी जिरॅनियमच्या पाकळ्यांच्या तळाशी असलेले बारीक केस पाहून, हे केस मधुरसाचे पावसापासून रक्षण करीत असावेत, अशी कल्पना त्याच्या मनात आली. तेथून पुढे सुमारे ४६० वनस्पतींच्या फुलांची रचना त्याने कीटकांच्या संदर्भात तपासली. वनस्पतिशास्त्रज्ञाने वाळविलेल्या नमुन्यांवर किंवा खोलीत आणलेल्या फुलांवर समाधान मानू नये. ऐन उन्हात, फूल जेथे उगवते तेथे जाऊन बसावे, असा त्याचा आग्रह होता. आज ज्यास आपण क्षेत्रनिरीक्षण म्हणतो त्याची शिस्त ह्या गृहस्थाने घालून दिली. त्याच्या हयातीत त्या ग्रंथाची फारशी कदर झाली नाही, आणि श्प्रेंगेलला आपली नोकरीही गमवावी लागली.

श्प्रेंगेलने रचना पाहिली, पाहुणेही पाहिले. परंतु भेटीचा दर काढण्याचा प्रयत्न पुढे चार्ल्स डार्विनच्या हातून झाला. ह्या प्रसंगाचा कालक्रम लक्षात घेण्यासारखा आहे. डार्विनने आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे की, १८३९ च्या उन्हाळ्यात, किंबहुना त्याही आधीच्या उन्हाळ्यात, त्याचे लक्ष कीटकांकडून होणाऱ्या परपरागणाकडे वळले. आणि रॉबर्ट ब्राउनच्या सूचनेवरून श्प्रेंगेलचा ग्रंथ त्याने १८४१ च्या नोव्हेंबरात मिळवून वाचला. परंतु ज्या गणनेचा येथे उल्लेख करावयाचा आहे ती त्याच वर्षीच्या जून महिन्यातील आहे. अर्थात श्प्रेंगेल वाचण्यापूर्वीच डार्विन घड्याळ लावून फुलांसमोर बसला होता.

ही गणना प्रसिद्ध झाली ती मात्र पस्तीस वर्षांनी, परपरागण व स्वपरागण ह्यांच्या परिणामांवरील १८७६ च्या ग्रंथात. त्यातील कीटकांच्या सवयींवरील प्रकरणात डार्विनने आपली निरीक्षणे एकापाठोपाठ एक दिली आहेत. बंबलबी ह्या केसाळ, भुंग्यासारख्या दिसणाऱ्या माशीने एका मिनिटात लिनारियाच्या २४ फुलांना भेट दिली. दुसरीने तेवढ्याच वेळात सिंफोरिकार्पसच्या २२ फुलांना. तिसरीने डेल्फिनियमच्या दोन झाडांवरील १७ फुलांना. पराग गोळा करणारी पाळीव मधमाशी मिनिटाला कॅम्पॅन्युलाच्या सहाच फुलांत शिरली, आणि पराग गोळा करताना माशी मधुरस शोषतानाच्या मानाने सावकाश काम करते, असे डार्विनने तेथे नमूद केले आहे. ईनोथेराच्या शेंड्यावरील एका फुलावर पंधरा मिनिटांत आठ भेटी झाल्या.

हे आकडे काळजीपूर्वक पाहिले तर त्यांत दोन निरनिराळी मोजमापे मिसळलेली आहेत असे दिसून येईल. लिनारियाच्या उदाहरणात डार्विन माशीच्या मागे गेला आहे. एक माशी दर मिनिटाला किती फुले करते, हे त्याने मोजले. ईनोथेराच्या उदाहरणात तो फुलापाशी थांबला आहे. एका फुलावर किती माशा येतात, हे मोजले. पहिला आकडा माशीच्या कामाचा वेग सांगतो, दुसरा फुलाच्या नशिबी आलेल्या भेटी सांगतो. ह्या दोहोंत गल्लत करणे ही आजही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आढळणारी चूक आहे. माशी चपळ असली तरी माशा थोड्या व फुले पुष्कळ असतील, तर प्रत्येक फुलाच्या वाट्याला येणाऱ्या भेटी थोड्याच राहतात.

हे दोन्ही आकडे एकत्र आणणारे उदाहरण डिक्टॅम्नस ह्या झाडाचे आहे. १५ जून १८४१ रोजी त्याच्या सात पुष्पदंडांवर डार्विनने दहा मिनिटे लक्ष ठेवले. तेवढ्या वेळात तेरा बंबलबी आल्या व त्यांतील प्रत्येक अनेक फुलांत शिरली. २२ जून रोजी त्याच दंडांवर तेवढ्याच वेळात अकरा आल्या. झाडावर एकंदर २८० फुले होती. ह्या माहितीवरून, आणि ह्या माशा संध्याकाळी उशिरापर्यंत काम करतात हे ध्यानात घेऊन, प्रत्येक फुलाला दिवसातून किमान तीस भेटी होत असल्या पाहिजेत असे अनुमान डार्विनने काढले.

अनुमानाची रीत त्याने विस्ताराने दिलेली नाही. परंतु आपणांस ती उलट दिशेने तपासता येते. २८० फुलांना प्रत्येकी तीस म्हणजे दिवसाला ८,४०० भेटी. दहा मिनिटांत सरासरी बारा माशा, म्हणजे तासाला बहात्तर. इंग्लंडमधील जूनचा दिवस मोठा असतो. कामाचे चौदा तास धरले तर सुमारे एक हजार माशा होतात. ८,४०० ला त्यांनी भागले की दर माशीमागे आठ-नऊ फुले येतात. 'अनेक फुले' ह्या वर्णनाशी हा आकडा सुसंगत आहे. अर्थात ह्यात तीन गृहीते आहेत : दिवसभर माशांचा ओघ सारखाच राहतो, सात दंड म्हणजेच सबंध झाड, आणि सर्व फुलांना सारखाच वाटा मिळतो. तिन्ही शंकास्पद आहेत. तथापि फुलांची संख्या, निरीक्षणाचा काळ व येणाऱ्यांची संख्या ह्या तिन्ही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत म्हणूनच आज ही तपासणी शक्य होते. अंशाबरोबर छेदही नोंदविलेला असला म्हणजे पुढच्या पिढीला जुन्या आकड्याशी वाद घालता येतो. नुसता अंश असला तर त्यावर केवळ विश्वास ठेवावा लागतो.

डार्विनने क्योलरॉयटरच्या मार्गानेही प्रयोग केले. झाडांवर जाळी घालून कीटकांना मज्जाव केला की काय होते, हे त्याने अनेक वनस्पतींवर पाहिले. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या नंतरच्या आवृत्त्यांत त्याने दिले आहे की, पांढऱ्या क्लोव्हरच्या वीस गुच्छांतून २,२९० बिया मिळाल्या, तर झाकलेल्या वीस गुच्छांतून एकही नाही. तांबड्या क्लोव्हरच्या शंभर गुच्छांतून २,७००, आणि झाकलेल्या शंभरांतून पुन्हा शून्य. भेटी आवश्यक आहेत हे ह्यावरून निर्विवाद ठरते. किती आवश्यक आहेत हे मात्र ठरत नाही.

आणखी एक योगायोग सांगितला पाहिजे. १८४१ च्याच उन्हाळ्यात डार्विनने 'गार्डनर्स क्रॉनिकल' ह्या पत्रात बंबलबींविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. फुलाच्या तोंडाने आत न शिरता ह्या माशा फुलाला बाहेरून छिद्र पाडून मधुरस कसा चोरून नेतात, हा त्याचा विषय होता. अशी माशी फुलावर येते, बसते, रस घेते. गणनेच्या वहीत तिचीही एक रेघ पडते. परंतु परागकोशाला किंवा कुक्षीला तिचा स्पर्शही होत नाही. ज्या वर्षी भेटीचा दर काढला गेला, त्याच वर्षी भेट आणि परागण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ह्याचाही पुरावा त्याच निरीक्षकाच्या हाती होता.

४

डार्विननंतरच्या पिढीने मात्र दर काढण्याऐवजी याद्या करण्यास प्राधान्य दिले. हेर्मान म्युलर (१८२९–१८८३) हा लिपश्टाट येथील शाळाशिक्षक. त्याचा फुलांच्या कीटकपरागणावरील ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला व १८८३ साली डार्विनच्या प्रस्तावनेसह इंग्रजीत आला. कोणत्या फुलावर कोणत्या जातीचे कीटक येतात आणि तेथे ते काय करतात, ह्याच्या याद्या म्युलरने अपार कष्टाने तयार केल्या. जवळच्या नात्यातील दोन जातींपैकी ठळक फुले असणाऱ्या जातीकडे अधिक प्रकारचे कीटक येतात, असा तुलनात्मक निष्कर्षही त्याने काढला. पाउल क्नूट (१८५४–१९००) ह्याने ही सर्व सामग्री एका प्रचंड संदर्भग्रंथात एकत्र केली. त्याचे प्रकाशन १८९८ मध्ये सुरू होऊन त्याच्या मृत्यूनंतर १९०५ मध्ये पूर्ण झाले.

ह्या परंपरेचे ऋण मोठे आहे. परंतु तिची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. यादीत जातींची संख्या असते, भेटींची नव्हे. एका फुलावर वीस जातींचे कीटक येतात ह्याचा अर्थ त्यावर पुष्कळ भेटी होतात असा नाही. एकाच जातीची सातेरी मधमाशी सकाळपासून हजार वेळा येईल आणि यादीत तिची एकच ओळ असेल. शिवाय जितका काळ पाहावे तितकी यादी लांबते. एखाद्या फुलापुढे दहा तास आणि दुसऱ्यापुढे अर्धा तास घालविला, आणि तो काळ लिहून ठेवला नाही, तर दोन याद्यांची तुलना म्हणजे दोन निरीक्षकांच्या चिकाटीची तुलना होऊन बसते.

आपल्या देशातील कार्याचा आरंभ ह्याच काळातील. आयझॅक हेन्री बर्किल ह्याने भारतातील फुलांच्या परागणावरील टिपणे १९०६ पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पहिले टिपण कलकत्त्यातील थनबर्जियाच्या निळ्या फुलांच्या वेलीवर होते. दुसरीकडे, बिहारमधील पुसा येथे आल्बर्ट हॉवर्ड व गॅब्रिएल हॉवर्ड हे दांपत्य भारतीय पिकांतील नैसर्गिक परपरागण अभ्यासत होते, आणि १९१० साली त्यांनी त्याच्या आर्थिक महत्त्वावर लेखन प्रसिद्ध केले. त्यांचा प्रश्न पीकसुधारकाचा होता : शुद्ध वाण शेतात शुद्ध राहील काय? त्याचे उत्तर फुलावर येणारी माशी मोजून मिळत नाही. पुढच्या पिढीतील झाडे पाहून मिळते. बर्किल पाहुणा पाहत होता आणि हॉवर्ड दांपत्य परिणाम पाहत होते. दोन्ही वाटा एकाच दशकात, एकाच देशात, एकमेकींना समांतर चालल्या होत्या.

५

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोजणीला प्रयोगाची जोड मिळाली. बेल्जियममधील फेलिक्स प्लातो ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेलियाची फुले झाकून, त्यांचा रंग दृष्टिआड करून, तरीही माशा येतात असे दाखविले, आणि रंगाला महत्त्व नाही असा निष्कर्ष काढला. टीकाकारांनी त्यातील उणीव दाखविली : ज्या माशा त्या ताटव्यावर आधीपासून येत होत्या त्यांना जागेची आठवण होती. म्हणजे भेटींची संख्या अचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो, कारण माशी ही कोरी पाटी नव्हे. पुढे कार्ल फॉन फ्रिश ह्याने माशांना विशिष्ट रंगावर खाद्याची सवय लावून, करड्या रंगाच्या अनेक छटांतून त्या तो रंग ओळखतात हे सिद्ध केले. त्याचा ग्रंथ १९१४ चा. त्याची विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग हिने १९२९ मध्ये दाखविले की, ठराविक वेळी खाद्य मिळत गेले तर मधमाशा त्याच वेळी येऊ लागतात.

ह्या शेवटच्या शोधाचा मोजमापावर खोल परिणाम होतो. माशी वेळ पाळते, आणि फूलही वेळ पाळते. तेव्हा निरीक्षक कोणत्या वेळी बसला, ह्यावर त्याचा आकडा अवलंबून राहतो. पारिजातक संध्याकाळी उमलतो व पहाटे गळून पडतो. केवळ दिवसा मोजणाऱ्याला त्याच्या खात्यावर शून्य लिहावे लागेल, आणि ते शून्य फुलाचे नसून निरीक्षकाच्या वेळापत्रकाचे असेल. सह्याद्रीतील कारवी तर सात-आठ वर्षांच्या अंतराने एकदम बहरते. तेथे छेदातील काळ तासांत मोजून भागत नाही. तो वर्षांत मोजावा लागतो.

अमेरिकेत फ्रेडरिक क्लेमेंट्स व फ्रान्सिस लाँग ह्यांनी कोलोरॅडोतील पर्वतप्रदेशात फुलांच्या पाकळ्या काढून, त्यांची मांडणी बदलून भेटींतील फरक मोजला. त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. इलिनॉय राज्यातील कार्लिनव्हिल गावी चार्ल्स रॉबर्टसन ह्याने ह्याहून निराळे काम केले. एकाच गावाच्या परिसरात राहून कित्येक वर्षे तो फुलांवरील कीटकांची नोंद करीत राहिला, आणि १९२८ साली ४५३ फुलांच्या पाहुण्यांच्या याद्या त्याने ग्रंथरूपाने दिल्या. त्यावेळी हा ग्रंथ म्युलरच्या परंपरेतील एक उशिराचे फळ वाटला असल्यास नवल नाही. त्याचे खरे मोल पुढे कळले.

६

१९७० च्या सुमारास अर्थाचा प्रश्न पुन्हा वर आला. स्टेबिन्स ह्याने १९७० साली असे प्रतिपादन केले की, जो परागवाहक सर्वांत अधिक वेळा येतो व सर्वांत परिणामकारक काम करतो, त्याच्या अनुषंगाने फुलाची घडण होते. ह्या विधानात 'अधिक वेळा' व 'परिणामकारक' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. १९७५ मध्ये प्रिमॅक व सिलँडर ह्यांनी ह्या दोन अंगांचा गुणाकार करून निरनिराळ्या परागवाहकांचे सापेक्ष महत्त्व काढण्याची पद्धत मांडली. भेटींची संख्या हे परिमाण, आणि दर भेटीमागे मिळणारे फळ हा गुण. दोहोंचा गुणाकार म्हणजे योगदान.

गुण मोजण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. उमलण्यापूर्वी कळीला बारीक कापडाची पिशवी बांधावयाची. उमलल्यावर पिशवी काढून एकच भेट होऊ द्यावयाची. मग कुक्षी घेऊन तीवरील परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे. दोनशे वर्षांपूर्वी क्योलरॉयटरने कुंचला हाती घेऊन जो हिशेब केला होता, त्याच हिशेबाकडे शास्त्र येथे परत आले. फरक इतकाच की आता एकेका भेटीला तिचे स्वतःचे खाते मिळाले.

तथापि हा मार्ग फार कष्टाचा आहे. नुसती भेटींची संख्या पुरेशी ठरत असेल तर इतका खटाटोप कशासाठी, असा रास्त प्रश्न निघतो. २००५ साली व्हास्केस, मॉरिस व जोर्दानो ह्यांनी उपलब्ध सामग्रीवरून असे दाखविले की, बहुतेक ठिकाणी भेटींची वारंवारता हीच एकंदर परिणामाची चांगली निदर्शक ठरते. उलट २०१३ मध्ये किंग, बॅलँटाइन व विल्मर ह्यांनी एकाच भेटीतील परागनिक्षेप मोजून, पाहुण्यांची वारंवारता परागणाच्या जागी धरणे फसवे आहे, असा निष्कर्ष काढला. वाचकाला हा विरोध वाटेल. परंतु दोन्ही विधाने एकाच गणितात बसतात. एक कीटक शंभर वेळा येतो व दुसरा एकदा. दुसऱ्याचा गुण पहिल्याच्या पाचपट असला तरी पहिल्याचेच योगदान मोठे. पण दोघेही वीस-पंचवीस वेळा येत असतील तर गुणातील फरकच निर्णायक ठरतो. आणि एखाद्याचा गुण शून्य असेल, म्हणजे तो छिद्र पाडणारा चोर असेल, तर त्याच्या कितीही भेटींचा गुणाकार शून्यच. तेव्हा संख्या विश्वसनीय केव्हा, हे ठरविण्यासाठीसुद्धा काही ठिकाणी तरी गुण मोजावाच लागतो.

ह्या वादाला व्यवहाराची बाजू आहे. २००७ साली क्लाइन व सहकाऱ्यांनी तपासलेल्या ११५ प्रमुख खाद्यपिकांपैकी ८७ पिके कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागणावर अवलंबून असल्याचे दिसून आले. २०१३ साली गारिबाल्दी व सहकाऱ्यांनी ४१ पीकपद्धतींची सामग्री एकत्र करून दाखविले की, पाळीव मधमाशांच्या भेटी भरपूर असतानाही रानटी कीटकांच्या भेटींनी फळधारणा वाढते, आणि भेटी तितक्याच वाढल्या असता रानटी कीटकांमुळे होणारी वाढ अधिक भरते. शेताच्या बांधावर पेट्या आणून ठेवल्या की परागणाचा प्रश्न मिटला, अशी समजूत आपल्याकडेही आढळते. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाल्यापासून मधुमक्षिकापालनाचा प्रसार महाराष्ट्रात पुष्कळ झाला, आणि तो इष्टच आहे. परंतु पेटीतील सातेरी ही कड्यावरील आग्या, झुडपातील फुलोरी, एकांडे भुंगे व माश्या ह्या सर्वांची जागा भरून काढते असे गृहीत धरणे म्हणजे परिमाणालाच गुण समजणे होय.

७

रॉबर्टसनच्या याद्यांचे मोल कसे कळले, ते आता सांगावयाचे. कार्लिनव्हिलच्या परिसरात १९७० च्या दशकाच्या आरंभी आणि पुन्हा २००९–१० मध्ये संशोधकांनी त्याच फुलांवर नव्याने निरीक्षणे केली. बर्कल, मार्लिन व नाइट ह्यांनी २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वसंतात फुलणाऱ्या २६ रानवनस्पती व त्यांवरील १०९ जातींच्या माशा ह्यांच्यातील जे संबंध रॉबर्टसनने नोंदविले होते, त्यांपैकी केवळ २४ टक्के शिल्लक राहिले होते. आणि माशांच्या सुमारे निम्म्या जाती त्या फुलांवरून नाहीशा झाल्या होत्या. वनस्पती जागेवर होत्या. त्यांच्याकडे येणारे पाहुणे गेले होते. रॉबर्टसनने वही लिहिली नसती, तर काय गेले हेच कळले नसते. ज्याची नोंद नाही त्याचा ऱ्हासही सिद्ध करता येत नाही.

जर्मनीतील क्रेफेल्ड येथील कीटकाभ्यासकांच्या सामग्रीवरून २०१७ साली निघालेला निष्कर्ष सर्वश्रुत आहे : संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकंदर वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटले. परंतु ते सापळ्यात सापडलेल्या कीटकांचे वजन होते. फुलावरील भेटी नव्हेत. त्यातून फुलांचे नुकसान किती झाले हे सरळ काढता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ पासून सामान्य नागरिकांकडूनही एक साधी मोजणी करवून घेतली जाते. अर्धा मीटर लांब व अर्धा मीटर रुंद असा चौकोन, दहा मिनिटे वेळ, ठरविलेल्या जातीची फुले मोजावयाची आणि त्यांवर येणारे कीटक मोजावयाचे. तेथे कीटक मोजतात, भेटी नव्हेत, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तरी काळ, जागा व फुले ही छेदाची तिन्ही अंगे नियमाने लिहिली जातात, हे ह्या पद्धतीचे बळ आहे. योगायोग असा की, दहा मिनिटे हाच अवधी डार्विननेही डिक्टॅम्नससाठी घेतला होता.

ह्या इतिहासातून आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा बोध फार गूढ नाही. प्रत्येक निरीक्षणाबरोबर फुलांची संख्या, आरंभाची व शेवटाची वेळ, ऊन, वारा व जागा लिहावी. माशीच्या मागे जाऊन केलेली मोजणी आणि फुलापाशी बसून केलेली मोजणी वेगवेगळ्या स्तंभांत ठेवावी. कीटक परागकोशाला व कुक्षीला शिवला की नाही, हे दिसेल तेथे नोंदवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या दहा मिनिटांत कोणीही आले नाही ती दहा मिनिटेही वहीत यावीत. विद्यार्थ्याला शून्य लिहिण्याची लाज वाटते. आपला वेळ वाया गेला असे वाटून तो ती ओळ गाळतो. परंतु शून्ये गाळलेल्या वहीतून काढलेला दर नेहमीच फुगलेला असतो, आणि पन्नास वर्षांनी कोणी त्याच्याशी तुलना केली तर न झालेला ऱ्हास त्याला दिसेल.

क्योलरॉयटरने बिया मोजल्या, डार्विनने भेटी मोजल्या, म्युलरने जाती मोजल्या. प्रत्येकाचा आकडा खरा होता आणि प्रत्येकाचा अपुरा होता. त्यांच्या आकड्यांचे पुढे चीज झाले ते त्यांनी काय मोजले व कसे मोजले हे लिहून ठेवल्यामुळे. आपल्या तालुक्यातील एखाद्या माळावर, एखाद्या तुरीच्या किंवा कारळ्याच्या शेतात आज केलेली नोंद उद्याच्या कोणासाठी रॉबर्टसनची वही ठरेल, हे आज सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक वही ती तशी ठरणार आहे असे समजूनच लिहिली पाहिजे.